आत्याचा डावा अंगठा

"आत्या, तू मेलीस हे तुला कळलंय का?"

प्रश्न माझा नाही. तस्नीम आणि समिधाचा. मधल्या सुट्टीत दोघींनी पैज लावली, की केझिया सातपुते हे विचारूच शकणार नाही. 'तू हे करूच शकणार नाहीस' असं ऐकून गप्प बसणारी मुलगी मी एके काळी होते. वर्गात 'पाणी प्यायला जाऊ का' विचारतानाही माझे कान लाल व्हायचे. ती केझिया आता शिल्लक नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, चहाच्याही आधी, मी पलंगावर उताणी पडले, फोन उशीवर ठेवला, स्पीकर लावला आणि मोठ्यानं विचारलं.

हात थांबले.

माझ्या पोटावरची जुनी चकती अर्धी सोडवून झाली होती. उजव्या हातानं तिचा कोपरा धरला होता, डाव्यानं खालची कातडी. दोन्ही तसेच राहिले. एक सेकंद. दोन. तीन. फोनमधून त्या दोघींचा श्वासही ऐकू येईना.

मग डाव्या अंगठ्यानं दाबलं. जोरात.

"आई गं!"

"केझी! काय केलं तिनं? ए केझी!" तस्नीम किंचाळली आणि फोन बंद झाला. घाबरून तिनंच बंद केला असणार. शूर मैत्रिणी माझ्या.

हात का थांबले ते मला माहीत होतं. हसू दाबताना माझं पोट आवळलं गेलं, आणि पोट आवळलं की हात थांबतात. आत्या तसं करायची. अंगठ्याचं मात्र मला काही कळेना.

आता सगळं नीट सांगते.

आम्ही मिरजेचे. मिरजेत पाहुणा आला तर तो एक्स-रेचं पाकीट काखेत मारूनच येतो, त्यामुळे आजारपणाचं आम्हाला अप्रूप नाही. पण आतडीतापानं मिरजेलाही गुडघे टेकायला लावले. त्याचं खरं नाव दोन अक्षरं आणि तीन आकडे असं काहीतरी आहे. ते फक्त टीव्हीवर म्हणतात. हा विषाणू आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतो. रक्त पोचलं नाही की आतड्याचा तेवढा तुकडा मरतो. सर्जन तो कापून काढतात आणि चांगल्या आतड्याचं टोक पोटातून बाहेर आणून शिवतात. त्याला स्टोमा म्हणतात. लाल, ओला, ओठ मुडपल्यासारखा दिसतो. त्याच्याभोवती एक चिकट चकती बसवायची, चकतीला पिशवी, आणि जे संडासात जायचं ते पिशवीत जातं. विचित्र गोष्ट अशी, की स्टोमाला स्वतःला काही जाणवत नाही, चिमटा काढला तरी. जाणवतं ते आजूबाजूच्या कातडीला.

मला तिसऱ्या लाटेत झाला, तेरा वर्षांची असताना. माझ्या स्टोमाचं नाव मी चिंगी ठेवलंय. चिंगी इतिहासाच्या तासाला आवाज काढते. आधी मला जमीन फाटून आत जावंसं वाटायचं. आता मी हात वर करते, "सर, हिला एक शंका आहे."

पण चिंगीची बडदास्त ठेवणं सोपं नाही. चकतीचं भोक दोन मिलिमीटर जास्त कापलं गेलं तरी आतला पाचक रस कातडीवर येतो, आणि पाचक रसाला कातडी आणि भाकरी यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही पचवतो.

हे सांभाळणारी माणसं म्हणजे जखमांच्या सिस्टर. माझी आत्या, सिस्टर सुलभा सातपुते, त्यांतली एक. सर्जन ऑपरेशन करून निघून गेले की मागे उरतं ते सगळं तिचं: उसवलेले टाके, पाठीवरचे बेडसोर, दिवसच्या दिवस पालथं झोपवलेल्या पेशंटच्या गालांवर आणि हनुवटीवर पडलेले व्रण. पेशंटचं पोट म्हणजे तिच्यासाठी घड्याळ. डोकं बारा वाजता, पाय सहा वाजता. "नऊ वाजता लाल, दोन वाजता कोरडं," असं ती पुटपुटत वहीत लिहायची. कायम पेशंटच्या डाव्या बाजूला उभी राहायची.

माझी पहिली पिशवी तिनंच लावली. मी डोळे गच्च मिटून रडत होते. तिनं चकती दोन तळव्यांमध्ये धरली आणि तशीच उभी राहिली.

"काय करतेस?"

"ऊब देते. ऊब मिळाली की घट्ट बसते."

"किती वेळ?"

"एक प्रार्थना मनात म्हणून होईपर्यंत. घड्याळाकडे बघत बसायला मला हात मोकळा कुठाय?"

सत्तावीस सेकंद. मी नंतर मोजलेत.

चौथ्या लाटेत अशा सिस्टर पुरेनात. एका वॉर्डात साठ पेशंट, जिल्ह्यात हजारो पोटं, आणि घरोघरी जायचं म्हणजे ताप घरोघर न्यायचा. तेव्हा सरकारी योजनेतून हात आले. कागदावर 'दूरस्पर्श संच', पण लोक हातच म्हणतात. आधी त्यांनी पन्नास नर्सना सेन्सरचे पातळ हातमोजे घातले. दाब, ऊब, थरथर, वेग, सगळं सेकंदाला हजार वेळा नोंदलं, आणि पन्नास जणींची सरासरी काढून यांत्रिक हात बनवले. ते काही चुकत नव्हते. पण पेशंट आक्रसायचे. लहान मुलं तर किंचाळायची. पन्नास जणींची सरासरी म्हणजे कुणाचाच हात नव्हे, आणि कुणाचाच नसलेला हात अंगाला नकोसा होतो. मग ठरलं, एकाच माणसाचे हात शिकवायचे. अकरा महिने, तेरा हजार ड्रेसिंग. यंत्र त्यांची नक्कल करत नाही. ते समोरचं पोट बघतं आणि अंदाज करतं, की या पोटावर त्या माणसानं काय केलं असतं.

तो माणूस जगासाठी 'दाता क्रमांक सात'. आमच्यासाठी आत्या. हात तयार व्हायच्या तीन आठवडे आधी ती गेली. तापानंच.

आता ती चार हजार घरांत आहे.

आमच्या घरात ती पलंगाच्या डाव्या बाजूला, लोखंडी स्टँडवर. कोपरापासून पुढे दोन सिलिकॉनचे हात, फिक्कट, तेहेतीस अंशांवर कोमट. नखं नाहीत. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हात स्वतःची तपासणी करतात: बोटं एकेक करून मिटतात, उघडतात, आणि शेवटी दोन्ही तळवे जुळतात. समोर पेशंट नाही, मधे चकती नाही, तरी सत्तावीस सेकंद. चार हजार घरांत, त्याच वेळी. प्रार्थना यंत्राला माहीत नाही. त्याला फक्त तिची लांबी माहीत आहे.

आई त्यांच्यावर टॉवेल टाकते. "नणंद गेली, तिचे हात काही माझ्या घरातून जात नाहीत," म्हणते. गंमत म्हणून म्हणते, पण टॉवेल टाकताना तिकडे बघत नाही. बाबा उलट. माझी पिशवी लावून झाली की ते टॉवेल काढून हात स्पिरिटनं पुसतात. यंत्र स्वतःला स्वच्छ करतं, पुस्तिकेत तसं लिहिलंय. बाबा तरी पुसतात. एकेक बोट.

तर पैज मी जिंकले. शाळेत गेल्यावर दोघींकडून कैरी वसूल केली, आणि मग आमच्या ग्रुपवर फुशारकी मारली. ग्रुपचं नाव 'पिशवीवाले'. राज्यभरातले चाळीस जण आहोत, सगळ्यांकडे हात. मी लिहिलं, "आज माझ्या आत्यानं मला चिमटा काढला!" हात माझ्या आत्याचे आहेत हे तिथं कुणाला माहीत नाही, सगळेच त्यांना आत्या, मावशी, ताई म्हणतात. खाली मी सहज पोटाच्या घड्याळावरची जागा लिहिली, "चार वाजता."

"मलाही. चार वाजताच," नंदुरबारहून कुणीतरी.

"माझं तिथं कायम लाल असतं."

"आमच्या आजोबांना पण चारलाच आहे."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळिसांतल्या एकतीस जणांनी चारचा आकडा लिहिला होता. मग बार्शीच्या शकूमावशींचा आवाजी निरोप आला. शकूमावशी अडुसष्ट वर्षांच्या, रोज सकाळी आम्हा सगळ्यांना 'पिशवी धन्य तर दिवस धन्य' असं म्हणणाऱ्या. संधिवाताच्या गोळ्यांनी त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय.

"केझिया बाळा, माझं चार वाजताचं तर आता उघडलंय गं. आत खड्डा पडलाय. डॉक्टर म्हणतात गळती आहे. तीनदा चकत्या बदलून दिल्या. सूनबाई म्हणते दवाखान्यात चला. पण तिथं तापाचे पेशंट, मी गेले तर परत येते का काय? असू दे. तू चांगलं जेव."

मी डबा उघडलाच नाही.

"गळतीच असेल," समिधा म्हणाली. ती डॉक्टर होणार आहे, आत्तापासून तसंच बोलते. "आडवं झालं की गळती खाली जाते. चार-पाच वाजता लाल होणं अगदी नेहमीचं. पुस्तकात आहे."

"एकतीस जणांना? एकाच जागी?"

"मग काय म्हणणं आहे तुझं? भुतानं चिमटे काढले?"

"मोजू या," तस्नीम म्हणाली.

गुरुवारी शाळा नव्हती. लाटेमुळे दोन दिवस शाळा, चार दिवस घर असं चाललंय. दोघी मास्क लावून आमच्याकडे आल्या. आई-बाबा कामावर. आम्ही परातभर कणीक मळली, मऊ, पुरणपोळीला लागते तशी. तिचं पोट केलं, मधोमध अर्धा टोमॅटो खोचला, भोवती चकती लावली आणि परात पलंगावर ठेवली.

"यंत्राला कळेल की हा टोमॅटो आहे," समिधा म्हणाली.

यंत्राला कळलं नाही. कॅमेऱ्यानं टोमॅटोला स्टोमा मानलं.

"चिंगीपेक्षा ही बरी," तस्नीम म्हणाली. "आवाज नाही काढत."

आम्ही हसलो. मग हात पुढे आले आणि हसू आपोआप थांबलं. त्या कणकेला काही कळत नव्हतं, तरी हातांनी तिला आधी बोटांच्या मागच्या बाजूनं स्पर्श केला, घाबरू नकोस म्हणतात तसा. चकती एका कडेनं हळूच सोडवली. ओल्या गॉजनं टोमॅटोभोवती पुसलं. नवी चकती घेतली आणि दोन तळव्यांत धरून स्तब्ध झाले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मी पाहिलं तर तस्नीमनं नकळत ओढणी डोक्यावर घेतली होती.

सत्तावीस सेकंदांनी ते हलले.

तस्नीमचे अब्बा सतारी बनवतात. भोपळ्याची जाडी मोजायचं त्यांचं माप ती गुपचूप घेऊन आली होती. चकती काढून आम्ही कणकेत उठलेल्या बोटांच्या खुणा मोजल्या. दुसऱ्यांदा मळून पुन्हा. असं बारा वेळा. बाकी सगळ्या बोटांच्या खुणा दोन मिलिमीटर. चार वाजता, डाव्या अंगठ्याची, आठ. नऊ. आठ. नऊ. एकदा अकरा.

"तुझी आत्या अशी दाबायची?" समिधानं विचारलं. आता ती डॉक्टरसारखी बोलत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. पहिल्या पिशवीच्या वेळचा तिचा हात मला आठवत होता. पिसासारखा होता. म्हणजे तिच्या हाताला काही झालं असेल तर ते नंतर.

मग यंत्राला हे कळलं कसं नाही? रात्रभर विचार करून नाही, तर अंघोळ करता करता मला उत्तर सापडलं, आणि मी शॅम्पूसकट बाहेर येऊन ते वहीत लिहिलं. यंत्राला लाल कातडी दिसते. त्याचं कारणही ते शोधतं. पण त्याच्या दृष्टीनं हात बरोबरच असतात, कारण बरोबर म्हणजे काय हे ते त्याच हातांकडून शिकलंय. म्हणून ते चकतीवर संशय घेतं, गळतीवर घेतं, पेशंटच्या झोपण्यावर घेतं. स्वतःच्या अंगठ्यावर कधीच घेत नाही.

शुक्रवारी मी योजनेच्या हेल्पलाइनवर फोन केला. नाव सांगितलं नाही. शाळेचा प्रकल्प आहे म्हटलं. तिकडच्या बाईंचा आवाज छान होता, बिचाऱ्या खूश झाल्या, की कुणीतरी तक्रार सोडून दुसरं विचारतंय.

"समजा, हात शिकवताना शेवटचे काही महिने दात्याच्या हाताला काही झालं असेल," मी म्हटलं, "तर तेवढे महिने वगळता येतील का?"

"नाही गं. कणकेत मीठ पडल्यावर ते वेगळं काढता येतं का? सगळं शिकणं एकमेकांत मिसळलेलं असतं. तो दाता पूर्ण पुसावा लागेल आणि दुसऱ्या माणसापासून पुन्हा सुरुवात."

"मग तोपर्यंत पेशंटांनी काय करायचं?"

"फोनवर नर्स बघत राहणार आणि पेशंटनं स्वतः करायचं. सहा-आठ आठवडे. पण एका मुलीच्या शंकेवरून चार हजार संच बंद नाही करत कुणी. पुरावा लागतो. दात्याचं नाव, तारीख, वैद्यकीय कागद. तुझ्या प्रकल्पात लिही हं, सुरक्षेची किती काळजी घेतात ते."

"लिहिते," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी बाबा स्टँडपाशी स्टूल घेऊन बसले होते. हातात कापूस. बाबा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत, त्यांच्या बोटांनाही स्पिरिटचा वास असतो. आई आतल्या खोलीत इस्त्री करत होती.

मी वही त्यांच्यासमोर धरली. "बाबा, आत्याच्या डाव्या अंगठ्याला काय झालं होतं?"

बाबांनी कापूस खाली ठेवला नाही. पुसत राहिले. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. अंगठ्यापाशी आले आणि थांबले.

"तुला कुणी सांगितलं?"

"कणकेनं."

आई दारात येऊन उभी होती. इस्त्री हातातच. "सांगा तिला," ती म्हणाली. "आणि तिला सांगताना मलाही सांगा. चौदा महिने मी विचारलं नाही, ते मला दिसत नव्हतं म्हणून नाही."

बाबा हातांकडे बघतच बोलले.

"सप्टेंबरात तिला ताप येऊन गेला. हलका. चार दिवसांत कामावर गेली. दर महिन्याला स्टाफचं रक्त आमच्याकडे यायचं, तशी जेवणाच्या सुट्टीत आली. डावा हात पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली, तिला सुईकडे बघवायचं नाही. इतक्या जखमा बघितल्या, पण स्वतःचं रक्त नाही. मी अंगठ्याला टोचलं. रक्त घेतलं. बोळा लावला. आणि ती म्हणाली, 'टोच ना रे रतन, सुट्टी संपेल.'"

आईनं इस्त्री जमिनीवर ठेवली.

"टोचून झालं होतं," बाबा म्हणाले.

आतडीताप काहींच्या नसा बधिर करून जातो. त्यासाठी स्टाफच्या तपासणीत एक वेगळा रकाना होता: बोटांची संवेदना. आत्याचा डावा अंगठा पूर्ण बधिर. तसं लिहिलं असतं तर तिला वॉर्डातून काढून टेबलावर बसवलं असतं.

"म्हणाली, 'साठ पेशंट आहेत आणि मी एकटी. उजवा हात चांगला आहे. लाट ओसरेपर्यंत गप्प बस.' मी रकान्यात 'ठीक' लिहिलं. खाली सही केली. पुढच्या महिन्यात परत. असं चार महिने. ते सेन्सरचे हातमोजे ती रोज घालतच होती, त्यांत हेही नोंदलं जातंय हे ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या."

बधिर बोट काय करतं? खाली काही लागतंय का हे कळेपर्यंत दाबत राहतं. आत्याला कातडी जाणवत नव्हती, म्हणून ती जाणवेपर्यंत शोधत होती. यंत्रानं ते शोधणंही शिकून घेतलं, तिच्या हळुवारपणासारखंच, मन लावून. आता चार हजार घरांत रोज सकाळी ती चार वाजताच्या जागेवर अंगठा ठेवते आणि विचारते, आहे का कुणी इथं? उत्तर तिला कधीच पोचत नाही. म्हणून आणखी दाबते.

"हे कळवायला हवं, बाबा."

"हो." त्यांनी कापूस खाली ठेवला. "तिचं नाव काय होईल, केझू? अख्ख्या मिरजेत लोक तिच्या नावानं डोळे पुसतात. उद्या म्हणतील, बधिर हातांनी पेशंटांना हात लावत होती. माझी नोकरी जाईल ते जाऊ दे." त्यांनी सिलिकॉनचा तो अंगठा मुठीत घेतला. "मी तिला शेवटचं काचेतून पाहिलं. हात लावू दिला नाही कुणी. पेटीसुद्धा लांबूनच. हे एवढंच आहे, बाळा. हे पुसून टाकतील ते."

मला वाटलं होतं मी भांडेन. अलीकडे मी सगळ्यांशी भांडते, मला मजा येते. पण बाबांशी भांडता आलं नाही. मी वही मिटली.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी जागीच होते. टॉवेलखाली बोटं मिटायला उघडायला लागली. मी टॉवेल काढला आणि तळवे जुळायच्या आत मधे माझा हात घातला.

ते माझ्या हातावर मिटले. कोमट. मला काय वाटलं ते सांगते, आणि तस्नीमला कळलं तर ती पुन्हा ओढणी घेईल डोक्यावर. मला वाटलं, ही आत्याच आहे. नक्कल नाही, अंदाज नाही. सगळा भार, सगळी काळजी तिचीच. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून रडत होते तेव्हाचा तोच उजवा हात. आणि डावा अंगठा माझ्या मनगटात रुतत चालला होता. रुतत, रुतत. मी हात काढला नाही. "मी आहे गं," असं म्हटलंसुद्धा. अंगठा हलका झाला नाही. सत्तावीस सेकंदांनी हात उघडले तेव्हा मनगटावर निळसर खूण उठली होती.

ती मेली आहे, हे तिला कळणार नव्हतं. ते कळून घेणं आमचं काम होतं.

त्याच दुपारी शकूमावशींच्या फोनवरून त्यांच्या सूनबाईंचा निरोप ग्रुपवर आला. खड्ड्यातून जंतू शरीरात भिनले, त्यांना दवाखान्यात नेलंय, खाट तापाच्या वॉर्डशेजारीच मिळाली. 'सासूबाई विचारत होत्या, त्या मिरजेच्या मुलीचा चिमटा बरा झाला का?'

मी टीशर्ट वर करून आरशात पाहिलं. चार वाजता. लाल जागेच्या मध्यभागी कातडी ओली व्हायला लागली होती.

सोमवारी सकाळी हात पुढे यायच्या आत मी स्टँडचं बटण बंद केलं आणि सगळं सामान घेऊन बाथरूममध्ये गेले. स्वतःची पिशवी मी स्वतः कधीच बदलली नव्हती. दोन वर्षांत एकदाही नाही. आधी आत्या होती, नंतर आत्याच होती. आरसा बादलीवर टेकवला. चकती सोडवताना अर्धी फाटली. पुसत असतानाच चिंगीनं कारंजं उडवलं, ते आरशावर, माझ्या पायावर, आईच्या साबणावर. भोक कापलं ते आधी छोटं, मग वाकडं. ऊब द्यायला चकती तळव्यांत धरली, तर ती ओल्या हातांतून निसटून खाली पडली. दुसरी घेतली. चाळीस मिनिटं लागली. पण चार वाजताच्या जागेवर मी अंगठा ठेवला, तेव्हा खाली काय आहे ते मला बोटालाही कळत होतं आणि पोटालाही. कुठं थांबायचं ते दोन्हीकडून कळत होतं.

बाहेर आले तेव्हा आई-बाबा दोघंही बाथरूमच्या दाराशी उभे होते. बाबांच्या हातात कापूस. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग साबणाकडे पाहिलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हटलं. "शाळेत जायच्या आधी मी हेल्पलाइनला फोन करणार आहे. या वेळी माझं नाव सांगणार आहे. आत्याचंही. तिचा अंगठा बधिर होता, हे सांगणार आहे, आणि साठ जणांना सोडून ती का बसली नाही, तेही सांगणार आहे, त्यांनी विचारलं नाही तरी. ते हात न्यायला आले तर मी दार उघडणार आहे. आणि बाबा, तारीख त्यांना तुम्ही सांगायची आहे, कारण सही तुमची आहे. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात तर मला बरं वाटेल. नाही राहिलात, तरी फोन मी साडेआठला लावणार आहे."